पहिला ॲप्टासेन्सर: सोलापूरच्या कॉलेज प्रयोगशाळेतून सुरुवात कशी करावी

कडक भाकरी आणि शेंगाचटणी माहीत नाही असं घर सोलापुरात शोधून सापडायचं नाही. याच शेंगेला काढणीच्या आधी पाण्याचा ताण बसला किंवा पोत्यात ओल राहिली, तर तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्यातलं बी१ यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं. भाजल्याने ते पूर्ण नाहीसं होत नाही आणि चवीवरून कळतही नाही. खात्रीची तपासणी एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर होते. ते यंत्र महाग, चालवायला जाणता माणूस लागतो, आणि अडत्याच्या दुकानात ते ठेवता येत नाही. म्हणून झटपट, स्वस्त चाचणीची ओढ सगळ्यांनाच असते, आणि जैवतंत्रज्ञान किंवा रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रोजेक्टसाठी ‘नॅनोकण आणि ॲप्टामर’ हा विषय उत्साहाने उचलतात. ॲप्टामर म्हणजे ठरावीक रेणू, म्हणजे लक्ष्य, ओळखून धरणारी डीएनएची छोटी साखळी, आणि तिच्यावर बेतलेली चाचणी म्हणजे ॲप्टासेन्सर. इथे लक्ष्य सापडल्याची खूण सोन्याच्या नॅनोकणांच्या रंगबदलावरून घ्यायची आहे.

विषय खरोखर चांगला आहे. हॉटप्लेटवाला मॅग्नेटिक स्टरर, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, मायक्रोपिपेट आणि फ्रीज एवढं असलेल्या प्रयोगशाळेत तो करता येतो. हा लेख अशा प्रयोगशाळेत पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नळीतला रंग लालचा निळा झाला म्हणजे सेन्सर चालला, असं नाही. सोन्याचे कण शंभर कारणांनी निळे होतात. तुमच्या डीएनएने लक्ष्य ओळखलं म्हणूनच रंग बदलला, हे दाखवायचं असेल तर शेजारच्या नळीत तीच अक्षरं (ए, सी, जी, टी हे डीएनएचे घटक), पण क्रम विस्कटलेला डीएनए हवा, आणि त्या नळीत रंग बदलता कामा नये. या विस्कटलेल्या साखळीची ऑर्डर पहिल्याच दिवशी, खऱ्या साखळीबरोबर द्या. नंतर पैसे उरले तर बघू, असं करू नका.

आत काय घडतं

ॲप्टामर म्हणजे एकेरी डीएनए किंवा आरएनएची छोटी साखळी, बहुधा १५ ते ८० अक्षरांची. ती स्वतःभोवती घडी घालते आणि त्या घडीत एखादा ठरावीक रेणू नेमका बसतो. अशा साखळ्या शोधायची पद्धत १९९० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली: एकीकडे क्रेग ट्युर्क आणि लॅरी गोल्ड, दुसरीकडे अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक. पद्धतीचं नाव सेलेक्स. एकावर चौदा शून्यं इतक्या वेगवेगळ्या साखळ्यांचं मिश्रण घ्यायचं, लक्ष्याला चिकटतील त्या ठेवायच्या, बाकीच्या धुऊन टाकायच्या, उरलेल्यांच्या प्रती वाढवायच्या आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. निवड किती काटेकोर होऊ शकते याचं माझं आवडतं उदाहरण १९९४ चं आहे. थिओफिलिन या दम्याच्या औषधासाठी निवडलेला आरएनए ॲप्टामर कॅफिनपेक्षा थिओफिलिनला सुमारे १०,००० पट घट्ट धरतो. या दोन रेणूंत फरक फक्त एका मिथाइल गटाचा आहे.

सेलेक्स तुम्ही करायचं नाही, ते वर्ष-दोन वर्षांचं काम आहे. आधी प्रसिद्ध झालेली साखळी मागवायची. आणि सुरुवातीला डीएनएच घ्यायचा. आरएनए तोडणारी एन्झाइमं आपल्या हाताच्या त्वचेवरसुद्धा असतात. नवख्या हातात आरएनए टिकत नाही.

आता सोनं. सुमारे १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात सुटे असले की द्रावण वाइनसारखं लाल दिसतं, कारण ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की शोषण ६०० च्या पुढे सरकतं आणि द्रावण जांभळं-निळं होतं. कणांवर सायट्रेटचा ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ घातलं की हा प्रभार झाकला जातो आणि कण गोळा होतात.

एकेरी डीएनएची साखळी लवचीक असते. तिची अक्षरं सोन्याला चिकटतात आणि ती कांडीवर सूत गुंडाळावं तशी कणाभोवती बसते. तिचा स्वतःचा ऋण प्रभार कणाला मिठापासून वाचवतो. हे निरीक्षण ली आणि रॉथबर्ग यांनी २००४ मध्ये मांडलं. ॲप्टामरला त्याचं लक्ष्य मिळालं की तो घडी घालतो, अक्षरं आत जातात, सोन्याला चिकटणं कमी होतं आणि मीठ घालताच कण निळे पडतात. लक्ष्य नाही तर लाल, लक्ष्य आहे तर निळा, एवढाच त्याचा मथितार्थ.

पहिलं लक्ष्य अफ्लाटॉक्सिन ठेवू नका

शेंगदाण्यासाठीच तर विषय घेतला, मग हे काय? कारण दोन आहेत. शुद्ध अफ्लाटॉक्सिनची पूड हाताळणं नवख्यासाठी धोक्याचं आहे. दुसरं, पद्धत हातात बसण्याआधी अवघड लक्ष्य घेतलं तर चूक डीएनएची, सोन्याची की नमुन्याची, हे कळतच नाही.

माझी शिफारस ॲडिनोसिन या पेशींत आढळणाऱ्या छोट्या रेणूची. ते स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. त्याचा डीएनए ॲप्टामर १९९५ मध्ये ह्युइझेंगा आणि शोस्टाक यांनी शोधला, आणि तो खरोखर बांधतो हे अनेक स्वतंत्र पद्धतींनी तपासलं गेलं आहे. २७ अक्षरांची ही साखळी ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे अशी: एसीसीटी जीजीजीजीजी एजीटी एटीटी जीसीजी जीएजी जीएए जीजीटी. शिवाय ग्वानोसिन, सिटिडिन आणि युरिडिन हे त्याचे चुलत रेणू तुलनेला सहज मिळतात.

विस्कटलेल्या साखळीत ए, सी, जी, टी यांची संख्या तीच ठेवा, फक्त क्रम बदला. टी सोन्याला सर्वांत कमी चिकटतो, ए बऱ्यापैकी जास्त. अक्षरांचं प्रमाण बदललं तर तुलना बिघडते. बदललेला क्रम स्वतःशीच घट्ट घडी घालत नाही ना, हे ऑर्डरपूर्वी एखाद्या मोफत घडी-अंदाज सॉफ्टवेअरवर तपासा.

पाणी, काच आणि ऊन

कुठल्याही परदेशी पद्धतीच्या कागदावर हे सापडणार नाही, पण सोलापुरात निम्मे प्रयोग इथेच अडतात. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या काळात बोअरचं पाणी वापरलं जातं, आणि ते जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काचेवर राहिले तर सोनं तयार होतानाच गोळा होतं. धुणं नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने चालेल, पण शेवटचे तीन-चार हात डिआयोनाइझ्ड पाण्याचेच. द्रावणं बनवायलाही तेच. डिस्टिलेशन प्लँटच्या पाण्यावर विश्वास टाकण्याआधी त्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) मोजा.

सोनं बनवायचा फ्लास्क आणि चुंबकी कांडी ॲक्वा रेजियाने धुवावी लागते: तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. हे काम फ्यूम हूडमध्येच, चष्मा आणि जाड हातमोजे घालून, शिक्षक समोर असताना. मिश्रण लागेल तेवढंच ताजं करायचं. बाटलीत बूच लावून ठेवायचं नाही, वायूच्या दाबाने ती फुटते. हूड नसेल तर नवं कोरं काचेचं भांडं याच कामासाठी राखून ठेवा आणि दुसरं काहीही त्यात करू नका. तेही चालतं.

एप्रिल-मे मध्ये खोलीचं तापमान चाळिशीपार जातं. तापमान वाढलं की ॲप्टामरची पकड सैल होते, सोन्याचं गोळा होणं वेगाने घडतं. सकाळी सातला घेतलेलं रीडिंग आणि दुपारी दोनचं रीडिंग एकाच आलेखावर टाकू नका. वातानुकूलन नसेल तर नळ्या २५ अंशांच्या पाण्याच्या टबात ठेवा आणि तापमान वहीत प्रत्येक वेळी लिहा. डीएनए मात्र उन्हाळ्यातल्या कुरिअरने घाबरत नाही. तो वाळवलेल्या स्थितीत येतो आणि दोन-चार दिवसांच्या उष्णतेत त्याचं काही बिघडत नाही.

सोनं बनवणं

क्लोरोऑरिक आम्ल हा यादीतला सर्वांत महाग पदार्थ, आणि हवेतली ओल पटकन ओढतो. त्यामुळे थोडं थोडं वजन करत बसू नका. १ ग्रॅमची कुपी उघडली की सगळंच सुमारे २५ मिली पाण्यात विरघळवा. हे साधारण १०० मिलिमोलर द्रावण होतं. गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवा. धातूचा चमचा त्याला लावू नका, ते धातू खातं.

त्यातलं ०.५ मिली घेऊन ४९.५ मिली पाण्यात टाका. हे १ मिलिमोलर झालं. वर कंडेन्सर लावून जोरात ढवळत उकळी येऊ द्या. दरम्यान १.१४ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १०० मिली पाण्यात विरघळवा आणि पूर्ण उकळी आल्यावर त्यातलं ५ मिली एकाच झटक्यात ओता. थेंब थेंब नाही. फिकट पिवळा रंग जातो, द्रावण क्षणभर रंगहीन, मग काळपट, मग जांभळट आणि दोन-चार मिनिटांत गडद लाल होतं. पहिल्यांदा बघताना माणूस खिळून राहतो. आणखी १५ मिनिटं उकळवा, आच बंद करून ढवळतच थंड करा. ही टर्केविचची १९५१ ची पद्धत, पुढे फ्रेन्सने १९७३ मध्ये कणांचा आकार सायट्रेटच्या प्रमाणावरून कसा ठरवता येतो ते दाखवलं.

तपासणी अशी. पाचपट पातळ करून ४०० ते ८०० नॅनोमीटरचा स्कॅन घ्या. शिखर ५१८ ते ५२२ च्या दरम्यान, अरुंद आणि ६५० च्या पुढे रेघ जवळजवळ सपाट हवी. शेपूट वर उचललेली असेल तर तो घाणा फेकायच्या भांड्यात जातो. त्यावर पुढचं काम उभं करू नका. कणांची संहती काढायला ५२० वरचं शोषण ०.२७ ने भागा, उत्तर नॅनोमोलरमध्ये येतं. पाचपट पातळ नमुन्याचं शोषण ०.६५ असेल तर २.४ गुणिले ५, म्हणजे सुमारे १२ नॅनोमोलर. १३ नॅनोमीटरच्या कणांसाठी हा हिशेब पुरेसा बरोबर आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं छायाचित्र पुण्याहून किंवा कोल्हापूरहून करून घेता येतं, पण ते प्रबंधासाठी. रोजच्या कामाला स्पेक्ट्रम पुरतो.

सोनं फ्रीजमध्ये अंधारात महिनोन् महिने टिकतं. फ्रीझरमध्ये एकदा जरी गेलं तरी संपलं.

डीएनए विरघळवणं

कुपी उघडण्याआधी थोडी सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर न दिसणारी पूड झाकणाबरोबर उडून जाते. लेबलवर नॅनोमोलचा आकडा असतो. त्याला दहाने गुणा, तितके मायक्रोलिटर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घाला, १०० मायक्रोमोलर द्रावण तयार. २४.६ नॅनोमोल असेल तर २४६ मायक्रोलिटर. छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा म्हणजे सारखं गोठवणं-वितळवणं होत नाही. लेबलवर डोळे मिटून विश्वास न ठेवता २६० नॅनोमीटरवर एकदा मोजून घ्या.

वापरण्यापूर्वी साखळी बफरमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवून अर्ध्या तासात खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे चुकीच्या घड्या सुटतात. बफरसाठी १० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.६, आणि २० मिलिमोलर मीठ एवढंच ठेवा. इथे एक ओढाताण आहे. ॲप्टामरला नीट घडी घालायला मीठ आणि मॅग्नेशियम आवडतं, सोन्याला दोन्ही नको असतात. प्रसिद्ध शोधनिबंधातला बफर जसाच्या तसा उचलला तर डीएनए न घालताच सोनं निळं होईल. मॅग्नेशियम हवंच असेल तर अर्ध्या मिलिमोलरपासून सुरू करा आणि आधी नुसत्या सोन्यावर बघा.

मिठाची परीक्षा

खरं काम इथे आहे, आणि घाईही सगळ्यात जास्त इथेच केली जाते.

एका नळीचं एकूण आकारमान १ मिली धरू: ३०० मायक्रोलिटर सोनं, ५०० मायक्रोलिटर डीएनए-बफर मिश्रण, २०० मायक्रोलिटर मिठाचं द्रावण. म्हणजे साध्या १ मिलीच्या क्युव्हेटमध्ये शोषण १ च्या जवळपास राहतं.

पहिल्या फेरीत डीएनए नाही. मिठाची अंतिम संहती १० पासून १०० मिलिमोलरपर्यंत वाढवत न्या. बरोबर ५ मिनिटांनी ५२० आणि ६२० वर रीडिंग घ्या आणि ६२० चं भागिले ५२० चं हे गुणोत्तर लिहा. यापुढे हा एकच आकडा तुमची भाषा. सहसा ३० ते ६० मिलिमोलरच्या दरम्यान कुठेतरी गुणोत्तर झपकन वर चढतं. नेमकं कुठे, ते तुमच्या घाण्यावर अवलंबून असतं, म्हणून नवा घाणा म्हणजे नवी फेरी.

दुसऱ्या फेरीत, ज्या मिठावर नुसतं सोनं पूर्ण निळं झालं ते मीठ कायम ठेवा आणि डीएनए वाढवत जा: २५, ५०, १००, २००, ४०० नॅनोमोलर. ज्या सर्वांत कमी प्रमाणावर सोनं लाल राहतं, तेच तुमचं प्रमाण. ‘थोडा जास्त घालू, सुरक्षित राहील’ हा मोह इथे महागात पडतो. जास्तीचा मोकळा डीएनए सोन्याला वाचवतच राहतो; लक्ष्याने काही साखळ्या ओढून नेल्या तरी रंगावर परिणाम दिसत नाही. विस्कटलेल्या साखळीसाठीही हीच फेरी स्वतंत्रपणे करा.

लक्ष्य घालून बघणं

ॲडिनोसिनचं १० मिलिमोलर द्रावण करा: २६.७ मिलिग्रॅम १० मिलीमध्ये, किंचित कोमट करून. डीएनए आणि ॲडिनोसिन आधी एकत्र करा, अर्धा तास द्या, मग सोनं, ५ मिनिटं थांबून मीठ, आणि आणखी ५ मिनिटांनी रीडिंग. हा क्रम बदलू नका. सोनं आधी घातलं तर डीएनए त्यावर बसून जातो आणि लक्ष्यासाठी सुटून येत नाही.

एका वेळी निदान पाच नळ्या लावा. खरी साखळी आणि ॲडिनोसिन. खरी साखळी, ॲडिनोसिन नाही. खरी साखळी आणि ग्वानोसिन. विस्कटलेली साखळी आणि ॲडिनोसिन. आणि डीएनए-मीठ काहीच नाही, फक्त सोनं आणि ॲडिनोसिन.

पहिली निळी आणि बाकी चार लाल, असं आलं तर पुढे जा. चौथीही निळी पडली तर थांबा. ॲडिनोसिन स्वतः सोन्याला चिकटतं, त्याच्या जास्त संहतीत ते डीएनएला बाजूला सारून सायट्रेटची जागा घेऊ शकतं, आणि मग रंग बदलतो तो ॲप्टामरमुळे नाही. अशा वेळी ॲडिनोसिन कमी करा आणि खऱ्या व विस्कटलेल्या साखळीच्या गुणोत्तरांमधला फरक हाच संकेत धरा. पाचवी निळी झाली तर प्रश्न आणखी उघड आहे.

हे मी इतकं लावून का धरतो? आर्सेनिकचा एक डीएनए ॲप्टामर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यातलं आर्सेनिक हा आपल्या देशातला जिव्हाळ्याचा प्रश्न, त्यामुळे त्यावर सोन्याच्या कणांचे सेन्सर एकामागून एक आले. २०१९ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या गटाने उष्णतामापनासह वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं, तर ती साखळी आर्सेनिकला बांधतच नव्हती. आर्सेनिक थेट सोन्याला चिकटत होतं. कॅनामायसिनसारखी धनप्रभारी अँटिबायोटिकंही सोनं स्वतःच गोळा करू शकतात. सोन्याच्या रंगावर मिळालेलं उत्तर डीएनएचं आहे की सोन्याचं, हे विस्कटलेली साखळीच सांगते.

आलेख आणि शोधमर्यादा

ॲडिनोसिन ०, ५, १०, २५, ५०, १००, २५०, ५०० मायक्रोमोलर, प्रत्येकी तीन नळ्या, स्वतंत्रपणे बनवलेल्या. एकाच नळीचं तीनदा रीडिंग म्हणजे तीन नळ्या नव्हेत. शून्याच्या निदान दहा नळ्या करा, त्यांचं प्रमाण विचलन काढा, त्याला तीनने गुणून आलेखाच्या सरळ भागाच्या चढाने भागा, ही शोधमर्यादा, म्हणजे चाचणीला ओळखू येणारं कमीत कमी प्रमाण. या ॲप्टामरची पकड काही मायक्रोमोलरच्या घरातली आहे. तुमची शोधमर्यादा नॅनोमोलरमध्ये निघाली तर आनंद करण्याआधी हिशेब पुन्हा तपासा.

आता शेंगदाणा, पण आधी कागदावर

अफ्लाटॉक्सिन बी१ साठी ५० अक्षरांचा डीएनए ॲप्टामर उपलब्ध आहे आणि बराच वापरला गेला आहे. नमुना घेण्याआधी हा हिशेब करा. समजा शेंगदाण्यात किलोमागे १० मायक्रोग्रॅम बी१ आहे. ५ ग्रॅम दळलेला दाणा २५ मिली ७० टक्के मिथेनॉलमध्ये हलवला. सगळं विष बाहेर आलं असं धरलं तरी मिलीमागे २ नॅनोग्रॅम. रेणुभार ३१२, म्हणजे सुमारे ६.४ नॅनोमोलर. इतकं मिथेनॉल सोन्याला चालत नाही म्हणून पाचपट पातळ केलं: १.३ नॅनोमोलर. नळीत ते निम्मं होतं: ०.६५. आणि त्याच नळीत डीएनए आहे १०० नॅनोमोलर. विषाचा प्रत्येक रेणू एकेका साखळीला मिळाला तरी शंभरातल्या एकाहून कमी साखळ्या हलतील. रंग बदलणार नाही. बदललाच, तर तो शेंगदाण्यातल्या तेला-प्रथिनांमुळे.

त्यामुळे दोनच वाटा उरतात. एक, अर्क साफ आणि घट्ट करणं: हेक्झेनने तेल काढून टाका, इम्युनोॲफिनिटी कॉलममधून (बी१ धरून ठेवणारी प्रतिपिंडं भरलेली नळी) बी१ वेगळं करा, द्रावक उडवून थोड्याशा बफरमध्ये घ्या. दुसरी, वाचनाची पद्धत बदलणं. साखळीच्या टोकाला चमकणारा फ्लुरेसिनचा रेणू लावून ती ग्राफीन ऑक्साइडवर चिकटवली की चमक विझते, लक्ष्य मिळून साखळी सुटली की परत येते. यासाठी ही चमक मोजणारा फ्लोरिमीटर लागतो. किंवा सोन्याच्या इलेक्ट्रोडवर साखळी गंधकाच्या बंधाने बांधून, टोकाला मिथिलीन ब्लू लावून विद्युतप्रवाह मोजता येतो. गढूळ, रंगीत नमुन्यांसाठी ही इलेक्ट्रोडची रीत मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिथे रंगाचा संबंधच येत नाही.

बी१ ची पूड विकत घेऊ नका. सौम्य केलेलं तयार स्टँडर्ड द्रावण घ्या. नायट्राइलचे हातमोजे, हूड, आणि वापरलेली प्रत्येक टिप सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवणं, यात सूट नाही. बी१ ज्या द्रावकात आहे तो द्रावक शून्याच्या नळीतही तेवढाच घाला.

नमुना दळतानाही काळजी घ्या. विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, काही मोजक्या दाण्यांत एकवटलेलं असतं. मूठभर दाणे उचलून केलेली चाचणी पोत्याबद्दल काहीच सांगत नाही. मार्केट यार्डातून नमुना आणणार असाल तर पोत्याच्या वेगवेगळ्या खोलीतून मिळून निदान किलोभर घ्या, सगळं दळा, मिसळा आणि मग ५ ग्रॅम मोजा.

स्वच्छ शेंगदाण्यात ठरावीक बी१ स्वतः मिसळून ते किती परत मिळतं ते पाहा. ७० ते ११० टक्के मिळालं तर पद्धत चालण्यासारखी. त्यानंतर काही नमुने एचपीएलसीवर पाठवून दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

डाळिंब घ्यायचं असेल तर

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, जिल्हाभर बागा आहेत, आणि तेल्या रोगावर अँटिबायोटिक फवारण्या होतात. त्यामुळे अवशेष शोधायचा विषय सुचणं साहजिक आहे. पण डाळिंबाच्या रसाचा लाल रंग सोन्यासारखाच ५२० नॅनोमीटरच्या जवळ प्रकाश शोषतो, आणि त्यातलं टॅनिन कणांना चिकटतं. रंगाची चाचणी इथे जवळपास अशक्य आहे. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यालाही हीच अडचण. अशा नमुन्यांसाठी पहिल्यापासून इलेक्ट्रोडची वाट धरा.

वहीत काय लिहायचं

घाण्याची तारीख आणि स्पेक्ट्रम, खोलीचं तापमान, पाण्याची कंडक्टिव्हिटी, डीएनएच्या कुपीचा क्रमांक, मीठ घातल्यापासून रीडिंगपर्यंतचा वेळ. फसलेल्या नळ्याही लिहा, फोटोसकट, आणि फोटो दरवेळी एकाच पांढऱ्या कागदासमोर, एकाच दिव्याखाली काढा. अहवालात विस्कटलेल्या साखळीचा आलेख खऱ्या साखळीच्या आलेखावरच, त्याच अक्षांवर छापा. वेगळ्या पानावर नको. आणि सगळी मोजणी दुसऱ्या घाण्याच्या सोन्यावर, शक्य तर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातून, पुन्हा करून मगच शोधमर्यादेचा आकडा लिहा. वापरलेलं सोनं सिंकमध्ये ओतू नका. एका बाटलीत साठवत जा, जड धातूंच्या कचऱ्याबरोबर ते जातं.